आमच्या टीमची सावड

मी कॉलेजसाठी नाशिकला निघाले तेव्हा बाने एसटीच्या खिडकीतून तांदळाची पिशवी आत ढकलली. गाडी सुटली तरी तो गजाला धरून चालत राहिला. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलेल. कसलं काय! "आवणीला भात लावायला ये म्हंजे झालं," एवढंच म्हणाला आणि हात सोडला. आई मात्र पेठच्या अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली, "तिकडं कोणी मदतीला आलं ना, तर त्याची सावड ठेवू नको. फेडून टाक!" गाडीतल्या बायका हसल्या. मी लाजून काच ओढून घेतली आणि घाट संपेपर्यंत रडले.

पाड्यावरच्या तुम्हा सगळ्यांना आणि माझ्यासारखं पाडा सोडून नाशिकला, सातपूरला, आणखी कुठे कुठे गेलेल्यांना हे सांगतेय. कारण आमच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमबद्दल तुम्ही जे ऐकलंय ते आता शिळं झालं.

तुम्ही ऐकलंय की आम्ही हरतो. खरं आहे बाई, हरायचो. आणि नुसतं नाही, असं हरायचो की समोरची टीम शेवटी शेवटी आमच्यावर दया करायची. त्याचा राग गोलांपेक्षा जास्त यायचा.

मी या टीममध्ये आले तीच मुळी चुकून. होस्टेलला नवीन होते, कुणाशी बोलायला जीभ उचलायची नाही. एकदा ग्राउंडच्या कडेने जाताना बॉल अंगावर आला आणि मी झेलला. बस. खेळाचे भामरे सर, सटाण्याकडचे, शिट्टी तोंडातून काढून ओरडले, "अरे, आपली गोलकीपर ही शे!" सरांना काय माहीत, मी लहानपणापासून काय झेललंय ते. आवणीत बा बांधावरून भाताच्या रोपांच्या जुड्या फेकतो, "धर गं!" म्हणून, आणि आपण गुडघाभर चिखलात उभ्या राहून त्या झेलतो. एखादी जुडी सुटली की बाची नजर बघावी लागते. त्यापेक्षा बॉल किती सोपा! तो निदान गोल असतो.

पण त्याच आवणीने टीमची वाट लावली होती. जुलै म्हणजे आमच्या सरावाचा महिना, आणि जुलैत मी आणि आमच्याच पाड्यावरच्या दोघी बचावफळीतल्या पोरी गावी. परत यायचो ते कंबर मोडून. तोवर बाकीच्यांचा सराव अर्धवट, आमचा तर शून्य. मग मोसम सुरू झाला की गोलांचा पाऊस. दुसऱ्या कॉलेजच्या पोरी म्हणायच्या, "पेठची एसटी सुटली, यांची टीम सुटली." मी वरवर हसायचे आणि आत जळायचे.

यंदा प्राचार्य मॅडमनी सरळ सांगितलं. मोसमाआधी गेल्या वर्षीच्या विजेत्या टीमशी सरावाची एक मॅच ठेवली आहे, ती त्या स्वतः बघणार. पूर्वीसारखीच दाणादाण उडाली तर टीम बंद, ग्राउंड क्रिकेटला. मॅच होती जुलैच्या मधोमध. ऐन आवणीत.

मी घरी फोन केला. बा म्हणाला, "मग भात कोण लावील? तुझा फुटबॉल?" त्याचंही खोटं नव्हतं. त्याच्याकडे हात कमी, माझ्याकडे दिवस कमी. मी बॅग भरायला घेतली आणि टीमला सांगून टाकलं की आम्ही तिघी चाललो, तुमचं तुम्ही बघा.

तेव्हा यास्मिन उठली. यास्मिन मालेगावची, तिच्या घरी पॉवरलूम, आणि आमच्याकडे गोल मारणारी म्हणाल तर ती एकटीच. म्हणाली, "अगं पागल, आमच्याकडे कुणी बीमार पडला तर शेजारी त्याचे लूम बघतो. तुझ्या शेताला किती हात लागतात ते बोल ना." सातपूरची पूजा म्हणाली, "पप्पांना नाइट शिफ्ट आहे, घरी मी काय करू? मीपण येते." बघता बघता सगळ्या तयार. भामरे सर म्हणाले, "चला, सराव तिकडेच."

तर आमची टीम आवणीला आली, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी बघितलंय. यास्मिन फुटबॉलचे बूट घालून खाचरात उतरली तेही बघितलंय. तिला वाटलं, बुटांना खाली खुंट्या आहेत, घसरणार नाही! घसरली नाहीच. रुतली. पाय वर आला, बूट आतच. आई इतकी हसली की बांधावर बसून राहिली. पूजाने पहिली ओळ एवढी खोल लावली की बाने ती मुकाट्याने उपटून पुन्हा लावली. पण दुसऱ्या दिवसापासून हात बसले. तिन्ही घरांची खाचरं ठरल्यापेक्षा लवकर हिरवी झाली. नागलीची भाकर आणि उडदाची आमटी खाताना या पोरी अशा गप्पा मारत होत्या जणू जन्मापासून इथल्याच. मला किती बरं वाटलं काय सांगू! नाशिकमध्ये मी पेठ लपवून ठेवायचे आणि पेठमध्ये नाशिक. आमच्या ओट्यावर पहिल्यांदा दोन्ही एका ताटात जेवली.

निघताना बाने मला बाजूला घेतलं. "यांची सावड कधी फेडायची?"

शहरात वाढलेल्या आपल्या पोरांसाठी सांगते, सावड म्हणजे कामाला काम. आज ते आपल्या शेतात, उद्या आपण त्यांच्या शेतात. मी म्हटलं, "बा, त्यांना कुठं शेत हाय?"

"शेत नाय, मग काय हाय?"

"ग्राउंड हाय."

बा फावडं उचलून खाचराकडे वळला. मला वाटलं, विषय संपला.

परत आलो तर पावसाने ग्राउंडचं तळं झालेलं. मॅच दुसऱ्या दिवशी. मॅडम म्हणाल्या, रद्द करू या. रद्द म्हणजे टीम बंद, हे आम्हाला कळत होतं. संध्याकाळी मी घरी फोन केला आणि आईजवळ मनसोक्त रडले.

सकाळी होस्टेलचा वॉचमन धावत आला. "ताई, गेटवर कुदळी घेऊन माणसं आलीत हो, काय भानगड आहे?" बाहेर जाऊन बघते तर बा, आई, काका, निम्मा पाडा! खांद्यावर फावडी, डोक्यावर पावसाची इरली. पहिली एसटी पकडून आलेले. बाने ग्राउंडला एक फेरी मारली, उतार कुठे आहे ते बघितलं आणि चर खणायला लावले. यास्मिन, पूजा, आम्ही सगळ्या टोपल्या घेऊन मागे. बा म्हणाला, "जल्मभर पाणी अडवलं. आज सोडतोय." दुपारपर्यंत तळ्याचं ग्राउंड झालं. चिखल होता, पण चिखलाला आता टीममध्ये कोण घाबरणार!

समोरच्या पोरी घाबरल्या. पाय उचलावा कसा तेच त्यांना कळेना. आमच्या मात्र सगळ्या आवणी करून आलेल्या. यास्मिनने मध्यंतराआधी गोल मारला आणि आई कुणाला तरी मिठी मारून नाचली. नंतर कळलं, त्या प्राचार्य मॅडम होत्या. शेवटी शेवटी समोरच्या टीमने आम्हाला गोलापाशी कोंडलं. त्यांच्या कॅप्टनला गर्दीत फट सापडली, तिने बॉल कोपऱ्यात मारला, माझ्यापुढे सगळी माणसंच माणसं, मला दिसेना काही. आणि बांधावरून, म्हणजे ग्राउंडच्या कडेवरून, तोच आवाज आला.

"धर गं!"

मी आवाजाच्या आधी उडी मारली की नंतर, मला माहीत नाही. बॉल हातात होता. मी तो छातीशी धरून चिखलात पडून राहिले, शेवटची शिट्टी वाजली आणि वरून सगळी टीम अंगावर पडली. जिंकलो! अहो, जिंकलो आम्ही!

मॅडमनी तिथेच सांगितलं, टीम उतरणार. पुढच्या आठवड्यात मोसम सुरू होतोय. काय होईल विचाराल तर मी छातीठोक सांगते, यंदा आमच्यावर कुणी दया करणार नाही. सगळा मोसम पावसाचा आहे आणि आम्हाला चिखलात चालता येतं.

पूर्वी मला कुणी घर विचारलं की मी गडबडायचे. पेठ म्हणू की होस्टेल? आता गडबडत नाही. जिथे आपली सावड चालू आहे ते घर. माझी दोन्हीकडे चालू आहे.

बा संध्याकाळच्या गाडीत चढला तेव्हा मी त्याला म्हटलं, "फिटली ना आता सावड?" तो खिडकीतून बघत म्हणाला, "कुठं फिटली? आम्ही जास्त माणसं आणली. आता आमची सावड तुमच्याकडं निघते." गाडी सुटली. या वेळी गजाला धरून मी चालत होते. म्हणून आत्ताच कळवून ठेवते, पुढच्या आवणीला आम्ही सगळ्या येतोय. यास्मिन बूट नाशिकलाच ठेवणार आहे.