कंपाउंडरचा डावा हात

गिरगावात आमच्या वाडीच्या तोंडाशी दवाखाना होता. तिथला कंपाउंडर मला मुळीच आवडत नसे. मी कॉलेजात होते आणि तोंड मुरुमांनी भरलेलं. डॉक्टर चिठ्ठी देत, हा गंधकाचं मलम काचेवर घोटत बसे आणि त्या काचेकडेच बघत म्हणे, "उद्या या, ताई. तुरीच्या डाळीएवढंच लावायचं. सालं निघतील, घाबरायचं नाही."

समोर मलम तयार दिसतंय, मग उद्या कशाला? आज काय दुसऱ्या कुणाला देणार? त्यातून त्याच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत लाल, सोललेले चट्टे. आई म्हणायची, "लागणीचं असेल गं. त्याच्या हाताला हात लावू नकोस." मी डबी रुमालात धरून आणत असे.

संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात एकदा दवाखान्याचं एकच दार उघडं होतं. मी दाराला धरून आत डोकावले. तो ताजं मलम काडीने स्वतःच्या डाव्या हातावर लावत होता. शेजारीच, काल लावलेल्या जागी, टचटचीत फोड आला होता.

"तुमचं कालचं फेकून दिलं," तो काचेकडे बघतच म्हणाला. "औषध जास्त पडलं होतं. तोंडावर गेलं असतं म्हणजे? हे बघतो आज लावून. उद्या या."

मी बरं म्हटलं आणि निघाले. वाडीत शिरल्यावर लक्षात आलं, त्याच्या दाराला लागलेला हात मी अजून पदराला पुसतच होते.