सीताफळांच्या खोलीत कोण होतं?

सीताफळं बाजारात दिसू लागली की ते प्रकरण अजूनही आठवतं. खून नाही, दरोडा नाही. स्टेशन डायरीत जेमतेम चार ओळींची नोंद असेल. तरीही सगळ्या नोकरीत तेच मला जास्त टोचतं.

तेव्हा मी चामोर्शीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच सहा बाया दोन क्रेट घेऊन आल्या. जंगलातली सीताफळं तोडून, व्यापाऱ्याची गाडी येईपर्यंत शीतगृहात ठेवणारा त्यांचा गट. क्रेटमधली फळं काळी पडली होती, टणक, पिकायचं नाव नाही. गटाच्या अध्यक्ष बाई संतापल्या होत्या.

"साहेब, आमच्या फळाईवर कोनं तरी औषध मारलं. डोये उघडलेलं एकेक फळ पाहून तोडलो आमी."

खवल्यांमधल्या फटी रुंदावल्या की फळाचे डोळे उघडले म्हणतात. त्याआधी त्या फळाला हात लावत नाहीत. इतक्या निगुतीने तोडलेला हंगाम वाया गेला होता.

दुपारी खबर मिळाली. क्रेट वाहणारा टेम्पोचालक हळूच सांगून गेला, "थो चौकीदार एकटाच रायते, पन फळाईच्या खोलीत कोनाशी तरी बोलत रायते. मी सोता आयकलो." झालं, आमच्या डोक्यात साथीदार शिरला.

शीतगृहाचा हा चौकीदार साठीच्या घरातला. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. शीतगृहामागच्या खोलीतच राहायचा. सलग तीन दिवस त्याला ठाण्यात बोलावलं.

"आत कोण होतं?"

"कोनी नाई, साहेब."

चहा पाजून विचारलं, आवाज चढवून विचारलं. उत्तर तेच. इतकं आखूड उत्तर देणारा माणूस काहीतरी लपवतो, असा माझा अनुभव होता, आणि त्या अनुभवाचा मला ताठा होता. त्याला अटक करायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

त्याआधी जागेचा पंचनामा करायला गेलो. गटाच्या अध्यक्ष बाई सोबत होत्या. फळांच्या खोलीत पाऊल टाकताच त्यांनी पदर अंगाभोवती ओढून घेतला. "बापा! एवढी थंडी? आमी तं घरी टोपलीत धानाच्या तनसीवर ठेवतो. फळ तोडलं तरी जितं रायते, साहेब. हे तं गारठून मेले."

दारावरच्या कागदावर सीताफळापुढे तेरा अंश लिहिलं होतं. यंत्रावर पाच होतं.

"हे कोणी केलं?"

"मीच, साहेब." चौकीदार लगेच म्हणाला. "पयले संत्र्याले पाचवरच ठेवो मी. बाई बोलल्या, फळाईले जपजा भाऊ. म्हनून जास्त थंड केलो."

"मग तीन दिवस सांगितलं का नाही?"

"तुमी मशीनचं इचारलंच नाई."

खरंच होतं. "आणि आत बोलत कोणाशी होता?"

त्याने क्रेटमधलं एक काळं फळ सरळ करून ठेवलं. "फळाईशीच. घरी बोलाले कोनी नाई न, साहेब. म्हनो, थांबा जरासे, गाडी येऊन रायली."

बाईंनी तक्रार मागे घेतली. जाताना त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "इचारून तं पाहाचं होतं, भाऊ." पण तीन दिवस पोलिसांनी नेलेला माणूस शीतगृहाच्या मालकाला नको होता. नोकरी गेली, नोकरीबरोबर खोलीही गेली. मी मालकाला एक फोन करू शकलो असतो. केला नाही. तो पुढे कुठे गेला, मला माहीत नाही.

आयुष्यभर 'कोणी नाही' हे उत्तर मी उडवाउडवीत धरलं. ते खरंही असू शकतं, हे शिकायला मला निवृत्त व्हावं लागलं.

आता चंद्रपुरात एकटाच असतो. यंदाही चार सीताफळं आणली. फ्रिजमध्ये ठेवत नाही, टोपलीत ठेवतो आणि रोज हळूच दाबून पाहतो. परवा तोंडातून मोठ्याने निघालं, "अजून दोन दिवस थांबा."

भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "भाऊ, पाहुने आले का?"

"कोणी नाही, बाई," मी म्हणालो.

तिला ते पटलं नसावं.