शॉकअपचं सील

माझ्या जुन्या मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपमधून तेल गळत होतं, म्हणून अंबडला घराच्या अंगणातच सील बदलायला बसलो. एक नवं सील हातोडीने ठोकताना फाटलं. दुसरं ठोकणार, तेवढ्यात शहागडहून दर बुधवारी मासे विकायला येणारी बाई फाटकाशी थांबली.

“थांबा भाऊ, तेबी फाडताल! नव्यावर जुनं सील ठेवून ठोका, मंग बराबर बसतं. मालक होते तवर आमच्या गॅरेजात सीलं मीच बसवायची.”

पाटी उतरवून, हात पदराला पुसून तिने चौफेर हलकेच ठोकत सील बसवलं.

पुढच्या बुधवारी येताच तिने शॉकअपवरून बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं.

“हात इसरला न्हाई अजून,” ती स्वतःशीच म्हणाली. त्या दिवशी मासे विकतानाची तिची हाक पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली.