मागेल तेव्हाच आणू

तालुक्याच्या दवाखान्यात खिडकीपलीकडच्या संगणकाच्या पडद्यावर एक गोल फिरत होता. माझ्या पुढे उभ्या बाईंच्या कडेवर तापलेलं मूल होतं.

"अहो ताई, नाव तर दिसतंय की पोराचं!"

"नाव आलंय हो, रिपोर्ट यायचेत. एकेक करत येतात मेले," आतल्या नर्सताई म्हणाल्या.

दवाखान्याच्या या प्रोग्रॅमखाली डेटाबेसमधून माहिती आणून देणारी जी खुली, फुकट लायब्ररी आहे, म्हणजे कुणीही वापरावा असा तयार कोड, ती आम्ही काही मित्र मिळून लिहितो. मागितल्याशिवाय काही आणायचं नाही, हा तिचा नियम. नाव मागितलं की नुसतं नाव. प्रत्येक रिपोर्टसाठी वेगळी खेप. आमच्यातली सोनाली म्हणते, "सगळं एकदम आण की रे!" पण तसं केलं तर असा जुना संगणक ओझ्यानेच बसेल. नव्या आवृत्तीत काय ठेवायचं, यावर आम्ही अजून भांडतोय.

आणि इथे ही बाई. कडेवर मूल घेऊन उभं राहणं, हे मागणं नाही का? प्रत्येक व्यवस्थेत दूर बसलेलं कुणीतरी ठरवतं, की मागणी झाली असं कधी मानायचं. त्या ‘कुणीतरी’विरुद्ध मी पत्रकं वाटली आहेत. आज त्याच्या खुर्चीत आम्ही बसलो आहोत.

"डॉक्टर निघाले बघा," नर्सताई म्हणाल्या. "उद्या या."

बाईंनी तक्रारही केली नाही. दवाखाना असाच असतो, असं त्यांना वाटलं असावं.