शेगडीचा श्वास

गॅसच्या ज्वाळेचा निळा रंग तुम्ही कधी निवांत बसून पाहिला आहे का? स्वयंपाकघराच्या घाईत तो दिसत नाही. तो पाहावा उघड्या अंगणात, ऊन गडाच्या पलीकडे उतरल्यावर, वाऱ्याची पहिली गार झुळूक भातखाचरांवरून येते तेव्हा. जाळीखाली ओळीने उमललेली ती निळी फुले, त्यांच्या टोकांवर किंचित जांभळी झाक आणि अगदी कान दिला तरच ऐकू येणारा एकसारखा, समाधानी सूर! आमच्या गुंजवणे गावच्या अंगणात, राजगडावरून उतरलेल्या पाहुण्यांची शनिवार-रविवारची जेवणे ज्या गॅसच्या ग्रिलवर भाजली जातात, त्याची तब्येत मी या रंगावरूनच ओळखते. ज्वाळा निळी असली की घरात सारे ठीक आहे, असे मला उगीचच वाटते.

हे ग्रिल आमच्याकडे आले ते माझ्या थोरल्या जाऊबाईंसाठी. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. पाहुण्यांची सोय आम्ही सुरू केली तेव्हा सारा स्वयंपाक मागच्या काळोख्या खोलीत चुलीवर व्हायचा आणि चुलीपुढे अक्का. डोळे कायम लाल, पदराचे टोक कायम ओले. डॉक्टरांनी धूर बंद करा असे बजावले. म्हणून मी भोरला जाऊन, चार दुकाने हिंडून, तीन बर्नरचे ग्रिल आणले आणि ते अंगणात आंब्याखाली मांडले. अक्का अंधारातून उजेडात आल्या. वांगी, रताळी, कणसे, मसाला लावलेली कोंबडी भाजता भाजता त्या पुण्याच्या पोरांशी बोलू लागल्या. कुणी फार घाई केली तर चिमटा उगारून म्हणायच्या, "वांगं भाजू, का आदी तुमालाच भाजू?" पोरे हसायची. माणसाला नवी जागा मिळाली की त्याच्या आत दडलेला केवढा माणूस बाहेर येतो!

मी व्यवस्थेची बाई. कुठली गोष्ट कधी पुसायची, कधी बदलायची हे ठरवून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. ग्रिल गरम असतानाच जाळी तारेच्या ब्रशने घासावी, थंड झाल्यावर चरबी दगडासारखी धरते. बर्नरची छिद्रे बारीक तारेने मोकळी करावीत, पण जोर लावू नये, कारण छिद्र मोठे झाले की ज्वाळा बेताल होते. रबरी नळीला चीर दिसण्याची वाट पाहू नये, मुदत संपली की ती बदलून टाकावी. पावसाळ्यात सिलिंडर वेगळा काढून ठेवावा आणि ग्रिलवर ताडपत्री घालताना खालून वारा खेळेल एवढी फट ठेवावी, कारण आमच्याकडचा पाऊस वरून जितका भिजवतो, त्याहून अधिक खालून गंजवतो. निगा म्हणजे तरी काय? वस्तूने हाक मारण्याआधी तिच्याकडे जाणे.

अक्कांची निगेची रीत मात्र वेगळी. चुलीवर भांडे ठेवण्याआधी त्याच्या बुडाला माती आणि राख कालवून लेप द्यायचा, म्हणजे काजळी भांड्याला न धरता लेपाला धरते आणि घासताना सगळी अलगद सुटते. जन्मभराची सवय! ग्रिल आले त्याच आठवड्यात त्यांनी भल्या पहाटे त्याला खालून असे सुंदर लिंपले, की एखादी नवी चूलच वाटावी. संध्याकाळी पेटवले तर ज्वाळा पिवळी, आळशी, धुरकट. कणसे भाजण्याऐवजी काळी पडू लागली. मी वाकून पाहिले, तर बर्नरच्या नळीला हवा ओढायचे जे भोक असते, तेही मातीने गुळगुळीत बुजवलेले! "अक्का, अहो, नाक दाबलंत की त्याचं," मी म्हणाले. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मला काय ठावं, गिरीलला बी नाक असतंय! चुलीला नुसतं तोंड असतंय बाई." पाहुण्यांसह आम्ही सगळे हसलो. पण मला ते वाक्य आवडले. जळायलाही श्वास लागतो, हे आपण किती सहज विसरतो.

या वर्षी पाऊस सरला, इंद्रायणी भाताच्या लोंब्या भरू लागल्या आणि मी हंगामाच्या तयारीला लागले. मालकांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, मध्येच एक कल्पना काढली होती: रस्त्यावर 'चुलीवरचं जेवण' अशी पाटी लावायची. हल्ली सगळीकडे तशा पाट्या आहेत आणि पाहुणेही तेच विचारतात. मला ती कल्पना वाईट वाटली नव्हती. आधी ग्रिल तर तपासून घेऊ, म्हणून मी दरवर्षीप्रमाणे साबणाचे पाणी केले, सगळी बटणे बंद ठेवून सिलिंडर उघडला आणि ब्रशने सांध्यांवर फेस लावत गेले. रबरी नळी ठीक होती. पण बटणांमागून जाणारी जी लोखंडी नळी, जिच्यातून तिन्ही बर्नरना गॅस पोचतो, तिच्या पोटावर फेस फुगला. एक बुडबुडा, त्यामागे दुसरा, शांतपणे, जणू नळी हळूच काही सांगते आहे. मी झटकन सिलिंडर बंद केला.

"अक्का, तुम्हाला वास नाही आला? परवाच्या पाहुण्यांना तुम्हीच भाजून घातलंत."

"उकिरड्यावर खेकड्यांच्या कवट्या पडल्यात, त्यांचा आसंल," त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या.

"अक्का!"

त्या आंब्याच्या बुंध्याशी बसल्या. मग म्हणाल्या, "आला व्हता वास. दसऱ्याच्या आदीपासनं येतोय. पर सांगितलं आसतं तर तू हे मोडीत घातलं आसतंस. मग हाईच तुमची पाटी! चुलीवरचं खाणाऱ्याला ग्वाड लागतंय, सुमे. फुकणाऱ्याला कोन इचारतंय?"

एका ठिणगीच्या अंतरावर ही बाई दर शनिवार-रविवारी उभी राहत होती आणि तिला भीती वाटत होती ती आगीची नव्हे, मागच्या खोलीची!

कापूरहोळहून मिस्त्री आले. त्यांनी नळी बोटाने चाचपली, गंजाचा एक पापुद्रा सहज हातात आला. "वहिनी, बर्नर बदलला, जाळी बदलली, पेटवायचा खटका बदलला, तवर ठीक व्हतं. ही नळी सडलीय आणि पेटीचा तळ बी. हिला टाका मारायचं काम मला नका सांगू," ते म्हणाले.

दुरुस्तीची आवड असलेल्या माझ्यासारख्या बाईला हे ऐकणे जड जाते. पण दुरुस्ती आणि हट्ट यांच्यामधली रेघ कुठे असते? जोवर झिजते ते वस्तूचे अंग असते, तोवर ते बदलावे, आनंदाने बदलावे. पण ज्यावर सारे बाकीचे विसंबून आहे तेच जेव्हा ठिसूळ होते आणि जवळ उभ्या राहणाऱ्याच्या जिवाशी गाठ येते, तेव्हा निरोप देणे हीसुद्धा निगाच नव्हे काय? जुन्या वस्तूशी कृतज्ञ राहायला ती वस्तूच जवळ असावी लागते असे थोडेच आहे! जपायचे होते ते लोखंड नव्हतेच. जपायची होती ती आंब्याखालची जागा.

त्या दुपारी जेवताना मी सगळ्यांसमोर सांगितले, की पाटी लागणार नाही आणि नवे ग्रिल येणार. मालक भाकरी मोडता मोडता एवढेच म्हणाले, "आन् पाहुण्यांनी चूल मागितली तर?" अक्का ताटातून मान वर न करता उत्तरल्या, "म्हणावं, या. पयली तुमीच फुका." मालकांना ठसका लागला आणि पाटीचा विषय तिथेच संपला.

नवे ग्रिल काल टेम्पोने आले. जुन्याचे झाकण अक्कांनी मोडीत जाऊ दिले नाही. ते दगडांवर पालथे ठेवून त्याखाली त्यांनी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली आहे आणि ती अंगणात शिरणाऱ्या प्रत्येकावर डाफरते आहे. नवे ग्रिल मांडून मी पाणी आणायला आत गेले आणि बाहेर येते तो काय, अक्का मातीचा गोळा घेऊन त्याच्यापुढे उकिडव्या बसलेल्या! माझ्या तोंडून हाक निघणार होती, पण मी थांबले. त्यांनी चरबी गळते तो खालचा पत्र्याचा ट्रे बाहेर ओढून घेतला होता आणि फक्त त्यालाच पातळ, एकसारखा लेप देत होत्या. चरबी पडणार ती लेपावर, सुटणार ती लेपासकट. इतक्या वर्षांत हे मला कसे सुचले नाही?

ट्रे सुकल्यावर त्यांनी तो आत सरकवला. मग खाली वाकून बर्नरच्या नळीचे हवेचे भोक शोधले आणि त्यावरून पदराचे टोक हलकेच फिरवले, लहान मुलाचे नाक पुसावे तसे.

"बघ," त्या म्हणाल्या, "मोकळं हाय."

मी साबणाचा फेस सगळ्या सांध्यांवर लावून पाहिला. एकही बुडबुडा नाही. अक्कांनी खटका दाबला. ऊन गडाच्या पलीकडे उतरले होते, भाताचा गोड वास अंगणात आला होता आणि जाळीखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, निळी फुले उमलली. त्यांच्या उजेडात मी अक्कांचे डोळे पाहिले. ते स्वच्छ होते, लाली कुठेच नव्हती.