बोट बंद झाल्यावर सुरू होणारी लीग

रत्नागिरीचा फुटबॉल क्लब एके काळी मुंबईच्या लीगमध्ये दुसऱ्या डिव्हिजनपर्यंत चढला होता, असं आमच्या गावातली जुनी माणसं अजून अभिमानानं सांगतात. ते खोटं नाही. ज्या सामन्यामुळे त्या क्लबाला लीगमध्ये पहिल्यांदा जागा मिळाली, त्या सामन्यात मी उजवा हाफ होतो. त्यानंतर क्लबानं मुंबईत जेवढे सामने खेळले त्यांतल्या एकातही आमच्यापैकी कुणी नव्हतं. हे मात्र कुणी सांगत नाही.

एकोणीसशे तीस सालानंतरचा तो काळ. आमचं मैदान म्हणजे गावाच्या वरचा सडा, जांभ्याचं उघडं कातळ. पावसानंतर त्यावर गवत वाढायचं, गुरं ते चरून गेली की आम्ही खेळायला मोकळे. पडलं की गुडघा सोलून निघायचा. सगळे अनवाणी खेळायचे. मी कचेरीत कारकून होतो. आमचा गोलकीपर बाजारात शिवणकाम करायचा. डावा फॉरवर्ड पावस गावचा, आंब्याच्या बागेतला. तो भाट्याची खाडी तरीच्या होडीतून ओलांडून सरावाला यायचा. बाकीचे बहुतेक शेतकरी. आणि कॅप्टन खलाशी. त्याचा बाप शिडाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता आणि तोही बापाबरोबर मलबारपर्यंत जाऊन आलेला. मचवा बंदराला लागला की घरी जाण्याआधी हा सड्यावर. सेंटर हाफला तो उभा राहिला की आम्हाला मागं वळून पाहावं लागत नसे. कचेरीत हेडक्लार्क मला विचारायचे, "त्या खलाशांबरोबर हुंदडून तुला काय मिळतं?" सड्यावर मला जे मिळायचं ते कचेरीत सांगण्यासारखं नव्हतं.

आमच्या क्लबाचे अध्यक्ष रत्नागिरीचेच, पण कितीतरी वर्षं गिरगावात वकिली करत होते. सुटीत गावी आले की सड्यावर खुर्ची टाकून आमचा खेळ बघायचे. बॉल आणि जर्सी त्यांनीच दिल्या होत्या. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. मुंबईच्या लीगवाल्यांकडे त्यांनी खटपट केली आणि असं ठरलं, की कोकणातल्या गावांनी आपसात साखळी सामने खेळायचे. त्यात जो संघ पहिला येईल, त्यानं मुंबईच्या तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या डिव्हिजनमधल्या शेवटच्या संघाशी एक सामना खेळायचा. जिंकला, तर त्या संघाची जागा त्याची.

हिवाळाभर आम्ही गावोगाव खेळत फिरलो. कधी बोटीनं, कधी बैलगाडीनं, कधी चालत. खेडच्या संघानं आम्हाला जगबुडीच्या काठावर हरवलं आणि आम्ही त्यांना आमच्या कातळावर. शेवटी आम्ही पहिले आलो.

मुंबईचा सामना वैशाखात झाला, आगबोटी बंद व्हायच्या जरा आधी. पावसच्या गड्याची बागेतली कामं अर्धी राहिली होती, तरी तो आला. मैदानावर माती होती, हिरवळ होती. पडलं तरी लागत नाही, याचंच आम्हाला नवल. समोरचे बूट घालून खेळत होते. पहिला गोल त्यांनी केला. मग कॅप्टननं मधून बॉल काढला, डावीकडे मारला, पावसच्यानं तो धावता धावताच गोलात घातला. दुसरा गोल कॅप्टनचा स्वतःचा, डोक्यानं. शिट्टी झाली तेव्हा आमचा गोलकीपर बॉल पोटाशी धरून खाली बसला आणि रडायला लागला. साहेब धोतर सावरत मैदानात धावत आले. प्रत्येकाला त्यांनी मिठी मारली. मलाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी जेवण होतं. पानं वाढल्यावर साहेबांनी विचारलं, "आता लीगचं काय करायचं? पावसाला सुरुवात झाली की सामने सुरू. तुमच्यातले इथे राहू शकतील असे किती?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मुंबईत फुटबॉल पावसाळ्यातच खेळतात, हे आम्हाला ठाऊक होतं. पण जिंकू का हरू याच विचारात असल्यामुळे जिंकल्यानंतरचा विचार कुणीच केला नव्हता. पावसाळ्यात आगबोट बंद. घाट चढून कोल्हापूरला जायचं आणि तिथून गाडी धरायची, हे दर सामन्याला कोण करणार? शिवाय तेच दिवस भाताच्या लावणीचे. मला कचेरी सोडून चालणार नव्हतं.

कॅप्टन म्हणाला, "साहेब, आमचे सामने बोट चालू झाल्यावर ठेवता येणार नायत?"

साहेब हसले. "अरे, तुमच्या बोटीसाठी मुंबईची लीग थांबायची नाही."

"मग?"

"मग काय! इथं गिरगावात आपली रत्नागिरीकरांची मुलं आहेत ना. चार महिने ती जागा सांभाळतील. बोट सुरू झाली की तुम्ही या. जागा तुमचीच आहे."

हे त्यांनी इतकं सहज म्हटलं, की आम्ही सगळे निर्धास्त होऊन जेवलो. एकटा कॅप्टन पानावर भात चिवडत होता. पावसाळ्यात मचवे किनाऱ्यावर ओढून ठेवतात, खलाशी रिकामे असतात. तो म्हणाला, "मी ऱ्हातो. मला लावणी नाय की कचेरी नाय."

साहेब म्हणाले, "उत्तम. तू तर हवासच."

आम्ही बोटीनं परत आलो. कॅप्टन मुंबईला राहिला.

त्या पावसाळ्यात टपाल आलं की मी कचेरीतून वाचनालयात जायचो. वर्तमानपत्रं शिळी असायची, पण खालच्या डिव्हिजनचे निकाल कोपऱ्यात बारीक अक्षरात असायचेच. रत्नागिरीचा क्लब जिंकत होता. मी संध्याकाळी बाजारात जाऊन गोलकीपरला सांगायचो आणि तो मशीन थांबवून विचारायचा, "गोल कुणाचे?" गोल करणाऱ्यांची नावं छापून येत नसत. "कॅप्टनचाच असणार एखादा," असं आम्हीच ठरवून टाकायचो.

बोट सुरू झाली त्या दिवशी आम्ही चारपाच जण बंदरावर गेलो. कॅप्टन आगबोटीकडून आलेल्या पडावातून उतरला. अंगानं खराब झाला होता. आम्ही त्याच्याभोवती गोळा झालो, कुणी त्याची पिशवी घेतली, कुणी पाठीवर थाप मारली. मी विचारलं, "गोल किती केलेस?"

तो म्हणाला, "मी उतरलोच नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे खेळलोच नाय. पयल्या मॅचला म्हणाले, पुढच्या मॅचला बघू. पुढच्या मॅचला म्हणाले, जिंकणारा संघ मोडायचा नाय. हरले तेव्हा म्हणाले, चिखलात अनवाणी खेळशील तर पडशील."

गोलकीपरनं विचारलं, "मग चार महिने केलंस काय?"

"क्लबाच्या खोलीत निजायचो. मॅचला पाणी न्यायचो." मग समुद्राकडे बघत म्हणाला, "जर्शा धुवायचो. पावसात वाळत नायत त्या."

"परत का नाही आलास? घाटानं यायचं होतंस."

"दर वेळी वाटायचं, पुढच्या मॅचला घेतील."

मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

लीगचे अजून थोडे सामने उरले होते. आम्ही साहेबांना विचारलं, आता बोट सुरू झाली, आम्ही येऊ का? साहेबांचा निरोप आला, की संघ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये चढण्याच्या बेतात आहे, अशा वेळी बदल करणं शहाणपणाचं नाही, तुम्ही समजूतदार आहात. आम्ही समजूतदार होतो. क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये चढला.

दिवाळीनंतर साहेब त्या संघाला घेऊन रत्नागिरीला आले. बंदरावर वाजंत्री होती. सत्कार ठरला होता आणि सत्काराआधी सड्यावर सामना. पाटीवर खडूनं लिहिलं होतं: 'रत्नागिरी विरुद्ध स्थानिक मंडळी'. स्थानिक मंडळी म्हणजे आम्ही. नाव त्यांच्याकडे गेलं होतं, जर्सी त्यांच्याकडे गेल्या होत्या. आम्ही सदरे घालून उतरलो. पावसचा गडी म्हणाला, "नको खेळूया. यांची पोरं आपल्या कातळावर येऊन आपल्यालाच पाहुणे करतात." कॅप्टन म्हणाला, "खेळूया. इथं तरी खेळूया."

मला खात्री होती, की आम्ही त्यांना लोळवू. हे कातळ आमचं. त्यांच्यातल्या अर्ध्याअधिक मुलांनी रत्नागिरी आधी कधी पाहिलीसुद्धा नव्हती. पण झालं उलटंच. चार महिने ते दर आठवड्याला सामने खेळले होते. कुणी कुठं धावायचं, कुणी कुठं थांबायचं, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. आम्ही वैशाखानंतर एकत्र उभेसुद्धा राहिलो नव्हतो. कॅप्टन बॉलपाशी पोचायचा तोवर बॉल तिथून गेलेला असायचा. त्यांनी एकामागून एक गोल केले. खोटेपणा केला नाही, धक्काबुक्की केली नाही. ते आमच्याहून सरळसरळ चांगले खेळले. त्यांनी लबाडीनं हरवलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. लीगमध्ये आम्ही खेळलो असतो तर असंच खेळायला शिकलो असतो.

सत्काराच्या वेळी आम्हाला मागच्या बाकांवर बसवलं. साहेब बोलायला उभे राहिले. गावाचं नाव मुंबईत गाजतंय, असं म्हणाले. मग आमच्याकडे हात करून म्हणाले, "आणि आज आपण सर्वांनी पाहिलंच, की त्या वेळी मी घेतलेला निर्णय योग्यच होता."

टाळ्या झाल्या. कॅप्टन उठून उभा राहिला. मला वाटलं, आता हा बोलणार. साहेबांनी मान वर करून विचारलं, "काय रे, काही म्हणायचंय?"

तो म्हणाला, "साहेब, आमची जागा कधी द्याल?"

साहेब सगळ्यांकडे बघून हसले. "आज बघितलंस ना मैदानावर? आता जागा मागून काय उपयोग?"

लोक हसले. आमच्याच गावातले लोक, आमच्याच आळीतले. मी त्याला हात धरून खाली बसवलं.

त्यानंतर सड्यावर आमचा संघ जमला नाही. गोलकीपरनं दुकान वाढवलं. पावसचा गडी मुंबईला गिरणीत लागला, पण मैदानाकडे कधी फिरकला नाही, असं त्याच्या भावानं मला सांगितलं. मी कचेरीतच राहिलो आणि हेडक्लार्कनं मला पुन्हा कधी काही विचारलं नाही. तो क्लब काही वर्षं दुसऱ्या डिव्हिजनमध्ये टिकला, मग खाली घसरला, मग साहेब वारले आणि नावही संपलं. वाचनालयात क्लब बंद झाल्याची बातमी मी दोनदा वाचली. आनंद होईल असं वाटलं होतं, तसा झाला नाही.

कॅप्टन पुढे स्वतःच तांडेल झाला. बंदराला लागला की माझ्याकडे यायचा, ओटीवर बसायचा, चहा घ्यायचा. समुद्राचं बोलायचा, मुलांच्या लग्नांचं बोलायचा. फुटबॉलचं कधीच नाही. एकदा मीच विषय काढला. म्हटलं, "आपण त्या जेवणाच्या वेळीच अडून बसायला हवं होतं."

तो म्हणाला, "बसून काय झालं असतं? ती जागा आपण जिंकली हे तुला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय. बास झालं."

तो आता नाही. त्याला ते बास झालं असेल. मला नाही झालं.