पायाला विचारून घेतलेले बूट

वयाची बेचाळीस वर्षं मी चपलेवर काढली. सुरतेत आल्यापासून लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या मागांच्या कारखान्यात होतो. दोन मशीनांच्या मधल्या चार पावलांच्या जागेत बारा तास उभं राहायचं, त्याला बूट कशाला लागतात? मग ते खातं बंद झालं आणि गावाकडच्या ओळखीने मला लाइनवर काम मिळालं.

हजीऱ्याकडून येणारी गॅसची पाइपलाइन कामरेजच्या बाजूला शेतांखालून जाते. वर दिसतात ते फक्त पिवळे खांब. त्या खांबांच्या रेषेने रोज दहा-अकरा किलोमीटर चालायचं. कोणी जेसीबी लावून खोदत नाही ना, कुठे पीक उगीच पिवळं पडलेलं नाही ना, वास येत नाही ना, हे बघायचं आणि साहेबांना फोनवर कळवायचं. काम एवढंच, पण ते सगळं पायांचं.

ठेकेदाराने दिलेले बूट पुढे लोखंडी टोपीचे होते आणि मला बोटभर आखूड होते. पाचव्या दिवशी दोन्ही टाचा सोलून निघाल्या. मी बूट खांद्यावर टाकले आणि चपलेने चालू लागलो. ऊस तोडल्यावर जे बुडखे राहतात ते सुऱ्यासारखे असतात. त्या दिवशी कालव्याच्या पुलापर्यंत पोचायला मला दुपार झाली.

पुलापाशी माझी हद्द संपायची आणि आप्पांची सुरू व्हायची. आप्पा माझ्याच भागातले, अमळनेरकडचे, साठीला टेकलेले. या लाइनवर सगळ्यात जुने तेच. रोज तिथे बसून आम्ही डबा खायचो. त्यांनी माझे पाय बघितले. जेवण झाल्यावर म्हणाले, उद्या काम संपलं की घरी जाऊ नको, माझ्याबरोबर पर्वत पाटियाच्या बाजारात चल.

मी म्हटलं, रविवारी जाऊ, सुट्टी असते. त्यांनी मान हलवली. आराम केलेल्या पायावर बूट घेऊ नयेत, दिवसभर चालून पाय फुगलेला असतो तेव्हाच घ्यावेत, आणि शेतात घालतो तेच जाड मोजे घालून घ्यावेत, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुकानदाराने आधी चकचकीत बूट काढले. आप्पांनी एक उचलून वाकवला. तो मधोमध दुमडला, तसा त्यांनी बाजूला ठेवला. बूट बोटं वळतात तिथेच वाकला पाहिजे, मधे वाकला तर संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात. दुसऱ्याचा तळ नुसता चिकटवलेला होता, शिवण नव्हती. काळ्या चिखलात तो महिनाभर टिकला नसता. तिसऱ्याची जीभ दोन्ही बाजूंनी मोकळी होती, म्हणजे उसाचा पाचोळा सरळ आत. दुकानदार वैतागला. आप्पा शांतपणे पुढचा मागत राहिले.

चौथा जोड त्यांनी मला घालायला लावला. पुढे अंगठ्याएवढी जागा आहे का, चालताना टाच उचलली जाते का, सगळं विचारलं. मग दुकानाच्या पायऱ्या तीनदा उतरायला लावल्या. उतरताना बोटं पुढे आपटली नाहीत. मला तरी तो जरा जड वाटत होता, आणि मी दुकानदाराकडे बघत होतो. तेव्हा आप्पा घरच्या बोलीत म्हणाले, "त्याले नको इचारू. पायले इचारीसन बूट ले."

मी पुन्हा एक फेरी मारली. कुठेही लागत नव्हतं. घेतले.

त्यांनी स्वतःसाठीही एक जोड घेतला. पण आपले बूट घालून ते चालले नाहीत. मोजे न काढता पाय आत घालून बघितला, लगेच काढला आणि बूट माझ्यापुढे धरला. "तू हात घाल. आत काही टोचतंय का बघ." मी हात फिरवला, काही नाही म्हटलं. म्हाताऱ्या माणसाची सवय असेल, असं मला वाटलं.

त्या बुटांनी माझं काम सोपं झालं. दोन महिन्यांत लाइनवरची प्रत्येक पायवाट ओळखीची झाली. भात पोटरीला आला होता त्या सुमारास एकदा पुलावर आप्पा माझ्याआधी येऊन बसले होते आणि त्यांच्या डाव्या बुटाखालचा दगड ओला लाल दिसत होता. मी बूट काढला. बाभळीचा काटा तळातून आरपार आत आला होता. मोजा रक्ताने चिकटला होता.

"कधी लागलं?"

"माहीत नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "घोट्याखालचं मला काही कळतच नाही, भाऊ. दोन वर्षं झाली. साखर आहे."

मी कालव्याच्या पाण्यापर्यंत जाऊन रुमाल भिजवून आणला. पाय धुताना ते दुसरीकडेच बघत होते, जसा काही तो पाय दुसऱ्या कोणाचा आहे. साहेबांना कळवू या, असं मी म्हटलं. त्यांनी माझा हात धरला. साहेबांना कळलं तर घरी बसवतील, घरी बसून काय करू, असं म्हणाले. डॉक्टरकडे जातो असा शब्द त्यांनी दिला आणि मी गप्प राहीन असा शब्द मी दिला.

माझा शब्द मी पाळला. रोज विचारायचो, ते रोज बरं आहे म्हणायचे. तिसऱ्या आठवड्यात ताप भरून ते रस्त्यावरच बसले. दवाखान्यात आधी दोन बोटं काढली, मग अर्धं पाऊल.

त्यांच्या बायकोने त्यांना गावी नेलं. मी दिवाळीनंतर भेटायला गेलो. आप्पा ओट्यावर खाटेवर बसले होते, पायावर चादर. लाइनवर कोण आलं, कालव्याला पाणी सोडलं का, अशी चौकशी केली. त्यांची बायको चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी मनातलं बोललो.

"आप्पा, मी त्याच दिवशी साहेबांना सांगायला पाहिजे होतं."

ते मला तुझी चूक नाही म्हणतील, असं मला वाटलं होतं. कदाचित तेवढ्यासाठीच मी गेलो होतो. त्यांनी पायावरची चादर सारखी केली.

"हो," ते म्हणाले. "सांगायला पाहिजे होतं."

त्यात राग नव्हता. चहा आला, आम्ही प्यालो. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुढच्या हद्दीतल्या माणसाला दोनदा चक्कर आली. दुसऱ्या वेळी तो बांधावर पडलाच. कोणाला सांगू नको, अशी त्याने हात जोडून विनवणी केली. मी त्याच्यासमोरच साहेबांना फोन लावला. महिनाभर त्याला घरी बसवलं, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. आता तो परत चालतो. माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलतो, आणि डबा खायला लांब, दुसऱ्या झाडाखाली बसतो.